उजव्याच नाकपुडीतून रक्त: ॲलर्जीच्या स्टेरॉइड स्प्रेचे एक प्रकरण

नोव्हेंबरचा शेवट. रुग्ण ४३ वर्षांच्या, नाशिकमधल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. बऱ्याच वर्षांपासून सकाळी उठल्या उठल्या शिंकांवर शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. पावसाळा संपला की हे सगळे वाढते, आणि जुन्या पुस्तकांचे कपाट उघडले की कोणत्याही महिन्यात. ऑक्टोबरच्या मध्यावर त्यांना नाकात मारायचा फ्लुटिकासोन प्रोपिओनेटचा स्प्रे दिला गेला. तीन आठवडे झाले आणि नाक शिंकरले की रुमालावर रक्ताचे डाग दिसू लागले. मग एकाच आठवड्यात दोनदा घोळणा फुटला. बाटलीबरोबरचा कागद त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वाचला, त्यात ‘कॉर्टिकोस्टेरॉइड’ असे दिसले आणि त्याच दिवशी स्प्रे बंद केला.

त्यानंतर आठ दिवसांनी त्या तपासणीला आल्या, तोवर तक्रारी वाढल्या होत्या. नाकातून रक्त तर होतेच. चेहरा सुजल्यासारखा वाटत होता, दोन महिन्यांत साडेतीन किलो वजन वाढले होते, रात्री वाईट स्वप्ने पडून दचकून जाग येत होती. शिवाय ‘आता औषध टाकल्याशिवाय नाक उघडतच नाही, सवय लागली’. आईला काचबिंदू असल्यामुळे डोळ्यांची धास्ती वेगळी. या सगळ्याला त्यांच्या लेखी एकच गुन्हेगार होता, तो म्हणजे स्प्रे.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. दर पावसाळ्यानंतर कान-नाक-घसा विभागात जे चित्र पुन्हा पुन्हा दिसते, त्यातले तपशील एकत्र करून ते रचले आहे. औषधांच्या मात्रा, त्यांचे परिणाम आणि उपचारांची पद्धत मात्र प्रत्यक्षातली आहे.

पिशवीतून काय निघाले

अशा रुग्णाला आम्ही नेहमी सांगतो की घरात नाकासाठी, छातीसाठी, त्वचेसाठी जे काही वापरता ते सगळे पिशवीत घालून आणा. नावे विचारली तर अर्धीच आठवतात. या पिशवीतून चार वस्तू निघाल्या. फ्लुटिकासोनची बाटली, दर फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, एकूण १२० फवारे. झायलोमेटाझोलिनचे ०.१ टक्क्याचे थेंब, जे कोणत्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतात. मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेटिरिझिन एकत्र असलेल्या गोळ्यांची पट्टी. आणि एका कागदी पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या, सोबत कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा. त्या तुकड्यावर नावाचा शेवटचा भाग तेवढा उरला होता: ‘मेथासोन’. दुकानात फोन करून विचारल्यावर पूर्ण नाव कळले. बीटामेथासोन, ०.५ मिलिग्रॅम. ‘सर्दीची बारीक गोळी’ म्हणून दिलेली, सप्टेंबरच्या अखेरीपासून रोज दोन.

म्हणजे स्टेरॉइडच्या भीतीने त्यांनी स्प्रे सोडला होता आणि पोटात जाणारे स्टेरॉइड चालू ठेवले होते. चारही औषधांमध्ये शरीरभर सर्वांत कमी पोहोचणारे औषध स्प्रेचेच होते, आणि बंद झाले तेही तेच.

रक्त कुठून येत होते

नाकातून रक्त येणे हा या स्प्रेंचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे. तो खरा आहे. कागदावर उगाच छापलेला नाही. फ्लुटिकासोन फ्युरोएट या जवळच्या औषधाच्या १२ महिन्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी २० टक्के जणांना या काळात कधी ना कधी नाकातून रक्त आल्याची नोंद झाली. ज्यांच्या बाटलीत औषधच नव्हते, नुसते द्रावण होते, त्यांच्यातही हे प्रमाण ८ टक्के होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. औषधाचा वाटा आहे, आणि नाकात रोज काहीतरी फवारण्याचाही वाटा आहे.

नाकाच्या मधल्या पडद्याचा पुढचा, बोट सहज पोहोचते तो भाग हे या रक्ताचे माहेरघर. तिथे अनेक बारीक रक्तवाहिन्या एकत्र येतात, त्यांच्यावरचे अस्तर पातळ असते आणि लगेच खाली कूर्चा. स्टेरॉइड जिथे रोज पडते तिथे जखम भरण्याचा वेग मंदावतो. त्यात फवाऱ्याचा मारा, द्रावण टिकावे म्हणून घातलेल्या परिरक्षकाने येणारा कोरडेपणा आणि खपली काढायला जाणारे बोट एकत्र आले की तिथली जागा सोलवटते. नाकाचे सगळे अस्तर स्टेरॉइडने झिजते असे मात्र नाही. मोमेटासोन वर्षभर वापरलेल्या रुग्णांच्या अस्तराचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले आहेत, त्यात अस्तर पातळ झालेले आढळले नाही. इजा होते ती फवारा पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी आदळतो तिथे.

तपासणीत डावी नाकपुडी स्वच्छ होती. उजव्या बाजूला, पडद्याच्या पुढच्या भागावर साधारण ५ मिलिमीटरचा सोलवटलेला डाग आणि त्यावर तपकिरी खपली. पडद्याला भोक नव्हते. रक्त एकाच बाजूने येत असेल तर कारण डोळ्यांसमोर दिसत असले तरी दुर्बिणीने आतपर्यंत पाहावे, कारण एका बाजूचे रक्त आणि त्याच बाजूचे चोंदलेपण ही नाकातल्या गाठीचीही लक्षणे असतात. तीही तपासणी झाली; आत काही नव्हते. रक्तदाब १३८/८६, हिमोग्लोबिन ११.८, प्लेटलेट योग्य. रक्त पातळ करणारी गोळी चालू नव्हती.

मग त्यांना रोज घेतात तसाच स्प्रे समोर घेऊन दाखवायला सांगितले. आमच्या मते सगळ्या तपासणीत सर्वांत उपयोगाची ही दोन मिनिटे, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात नेमकी तीच गाळली जातात.

त्या उजव्या हाताच्या. बाटली उजव्या हातात धरून त्यांनी आधी उजव्या नाकपुडीत घातली. हात शरीराच्या उजवीकडून येतो, म्हणून टोक आपोआप आत, डावीकडे, म्हणजे पडद्याकडे वळले. त्याच हाताने डाव्या नाकपुडीत मारताना टोक बाहेरच्या भिंतीकडे गेले. उजव्या हाताच्या माणसाचा घोळणा उजव्या बाजूने का फुटतो, याचे उत्तर तिथेच मिळाले. पुढे त्यांनी मान मागे टाकली आणि फवाऱ्याबरोबर जोरात श्वास ओढला. त्यामुळे औषध घशात उतरत होते. ‘घसा कडू होतो, खवखवतो’ ही तक्रार त्यांनी सांगितलीही नव्हती, कारण ती औषधाची चव आहे असे त्या समजून चालल्या होत्या.

बाटलीचे टोकही पाहिले. भोकाभोवती पांढरा थर आणि टाचणीने टोकरल्याची खूण. गडद कापडासमोर दाबून पाहिल्यावर धुके पसरण्याऐवजी एका बाजूला बारीक धार आली. धार पडद्यावर लागणे आणि धुके लागणे यात फार फरक आहे.

बाटलीचा हिशेबही जुळत नव्हता. चार फवारे रोज, म्हणजे १२० फवाऱ्यांची बाटली साधारण महिनाभर जायला हवी. त्यांची पहिली बाटली २० व्या दिवशी संपली होती. असे झाले की दोन शक्यता असतात: घरातले दुसरे कोणी तीच बाटली वापरते, किंवा रुग्ण ठरल्यापेक्षा जास्त घेतो. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगाही सकाळी शिंकतो, म्हणून आधी ते विचारले. तो वापरत नव्हता. त्या स्वतःच रोज रात्री आणखी दोन फवारे घेत होत्या, कारण ‘मारल्यावर लगेच नाक उघडत नाही’. ते उघडणारही नाही. या औषधाचा परिणाम पहिल्या दिवशी थोडा जाणवू शकतो, पण पूर्ण फायद्याला नियमित वापराचे एक-दोन आठवडे लागतात. हे पहिल्याच भेटीत सांगितले असते तर रात्रीचे दोन फवारे वाचले असते.

चेहरा, वजन आणि पुडीतल्या गोळ्या

चेहऱ्याची सूज आणि वजन यांचा हिशेब आकड्यांनी लवकर सुटतो. सहा फवारे म्हणजे दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट नाकातून आणि गिळून मिळून २ टक्क्यांहून कमी रक्तात पोहोचते, कारण गिळलेला भाग यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते. म्हणजे रक्तात ६ मायक्रोग्रॅमहून कमी. दुसरीकडे बीटामेथासोनच्या दोन गोळ्या म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम, आणि त्यातला बहुतांश भाग रक्तात जातो. स्टेरॉइड गोळ्यांची ताकद ज्या गोळीशी ताडून सांगतात त्या प्रेडनिसोलोनच्या भाषेत रोज साधारण ८ मिलिग्रॅम, तेही दोन महिने. फ्लुटिकासोन मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम अधिक जोरदार असते हे धरूनही दोन्हींत तुलना होत नाही.

सगळे स्प्रे या बाबतीत सारखे नाहीत. मोमेटासोन आणि फ्लुटिकासोनचे दोन्ही प्रकार रक्तात जवळजवळ पोहोचतच नाहीत. बुडेसोनाइड, ट्रायमसिनोलोन आणि बेक्लोमेथासोन यांचा बराच जास्त भाग पोहोचतो. नेहमीच्या मात्रेत प्रौढांना त्यानेही सहसा त्रास होत नाही. पण दम्याचा इनहेलर, नायट्यावर फासलेले मलम, ‘एका मोसमाचे’ म्हणून कमरेत घेतलेले ट्रायमसिनोलोनचे इंजेक्शन आणि नाकातला स्प्रे हे सगळे शरीराच्या एकाच खात्यात जमा होते, आणि खाते कोणी तपासत नाही.

गोळ्या तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालल्या होत्या, म्हणून त्या एकदम बंद केल्या नाहीत. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, बनवणे कमी करतात. गोळी अचानक थांबली तर थकवा, मळमळ, चक्कर, रक्तदाब उतरणे, आणि तापासारख्या आजारात जिवावर बेतू शकते. सकाळी ८ वाजता, त्या दिवसाची गोळी घेण्याआधी कॉर्टिसॉल तपासले. ते प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला निघाले. उपाशीपोटी साखर ११२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. फिजिशियनने बीटामेथासोनच्या जागी प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम रोज सकाळी एक असे सुरू करून चार आठवड्यांत उतरवत नेले. बीटामेथासोनचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो. प्रेडनिसोलोनचा त्याहून लवकर ओसरतो, त्यामुळे ग्रंथींना जागे व्हायला वाव मिळतो. या काळात ताप, उलट्या किंवा कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर ‘स्टेरॉइड चालू होते’ हे डॉक्टरांना सांगायचे, हे त्यांना चिठ्ठीवर ठळक लिहून दिले.

स्वप्ने, सवय आणि डोळे

वाईट स्वप्नांसाठी पहिला संशयित मॉन्टेलुकास्ट. झोपेचे बिघाड, चिडचिड, उदासी, अगदी आत्महत्येचे विचारही या गोळीबाबत नोंदले गेले आहेत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक दर्जाची सूचना छापायला लावली आणि नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी ही गोळी बाकीच्या औषधांनी भागत नसेल तेव्हाच द्यावी असे सांगितले. आपल्याकडे ती लिव्होसेटिरिझिनबरोबर एकाच गोळीत सर्रास दिली जाते आणि रुग्णाला ती ‘ॲलर्जीची साधी गोळी’ वाटते. बीटामेथासोननेही झोप उडते, तेव्हा दोष कोणाचा हे इथे पक्के सांगता येत नाही. पण मॉन्टेलुकास्ट त्याच दिवशी थांबवता येत होते, म्हणून थांबवले. त्याऐवजी फेक्सोफेनाडिन १२० मिलिग्रॅम, रोज एक. आठवडाभरात स्वप्ने थांबली.

सवय स्टेरॉइड स्प्रेची लागत नाही. ती लागली होती थेंबांची. झायलोमेटाझोलिन नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून पाच मिनिटांत नाक मोकळे होते. परिणाम ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. सलग ५ दिवसांहून जास्त वापरले तर हे चक्र सुरू होऊ शकते. या रुग्ण ऑगस्टपासून रोज रात्री थेंब टाकत होत्या, आणि स्प्रे बंद केल्यावर गेले आठ दिवस दिवसातून तीनदा. थेंबांनी अस्तर कोरडेही पडते. स्प्रे थांबूनही उजवीकडची खपली भरली नाही त्यात या थेंबांचा हात होता. ऑक्सिमेटाझोलिनचेही असेच. दोन्ही बाटल्या नाकातच जातात, म्हणून लोक त्यांना आणि स्टेरॉइडच्या स्प्रेला एकाच नावाने ओळखतात. घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते.

डोळ्यांची भीती निराधार नव्हती. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. नाकातल्या स्प्रेच्या नेहमीच्या मात्रेने दाब लक्षात येण्याइतका वाढल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही. तरीही ज्यांना काचबिंदू आहे किंवा आई-वडील-भावंडांपैकी कोणाला आहे, त्यांनी स्प्रे सुरू करतानाच दाब मोजून घ्यावा. इथे गोळ्यांमुळे तर ते आवश्यकच होते. डोळ्यातला दाब उजवीकडे १७, डावीकडे १६ मिलिमीटर पारा. साधारण १० ते २१ मध्ये असावा. डोळ्याच्या नसेवर परिणाम नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा, मग वर्षातून एकदा. मधेच दृष्टी धूसर झाली, सरळ रेष वाकडी दिसू लागली तर वाट पाहायची नाही: डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे पाणी साठण्याचा एक दुर्मीळ प्रकार स्टेरॉइडने होतो. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये त्याबद्दल सावध करताना नाकातल्या स्प्रेसारख्या स्थानिक औषधांचाही उल्लेख केला होता.

काय केले

उजव्या नाकपुडीत स्टेरॉइड दहा दिवस बंद. डावीत चालू, पण दिवसातून एकदाच, दोन फवारे. झायलोमेटाझोलिन उजवीकडे त्याच दिवसापासून बंद, डावीकडे फक्त झोपताना आणि तेही आठवडाभर. निदान एका बाजूने श्वास घेऊन झोप लागली तर पहिल्या तीन-चार रात्री माणूस निभावून नेतो. दोन्ही बाजू एकदम बंद केल्या की दुसऱ्याच रात्री बाटली पुन्हा हातात येते. उशी थोडी उंच.

पडद्यासाठी: सकाळी आणि रात्री नाकपुडीच्या तोंडाशी वाटाण्याएवढे पेट्रोलियम जेली, करंगळीने हलकेच, खोलवर नाही. खपली ओढायची नाही. दिवसातून तीन-चार वेळा मिठाच्या पाण्याचा साधा फवारा. पाचव्या दिवसानंतर नाक धुणे. त्यांच्या घरी जलनेतीचे भांडे होतेच. एका भांड्यात २४० मिलिलिटर पाणी आणि सुमारे २ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडे कमी, आणि झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी खळखळून उकळून कोमट केलेलेच घ्यायचे. नळाच्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊन जीव घेतो. असे क्वचित घडते, पण त्याला उकळणे हा एवढा सोपा उपाय असताना धोका का पत्करावा? धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे, म्हणजे औषध शेंबडावर न बसता अस्तरावर बसते.

घोळणा फुटला तर काय, हेही करून दाखवले. त्यांच्या घरी मान मागे टाकून डोक्यावर पाणी ओतण्याची आणि कांदा हुंगवण्याची रीत होती. मान मागे टाकली की रक्त घशात जाते आणि उलटी होते. बसायचे, पुढे वाकायचे, हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग अंगठा आणि तर्जनीने घट्ट दाबायचा, तोंडाने श्वास घ्यायचा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटे सोडायचे नाही. ‘थांबले का’ म्हणून मधे मधे सोडून पाहणे ही सर्वांत नेहमीची चूक, कारण जमत आलेली गुठळी प्रत्येक वेळी निघते. दोनदा असे दाबूनही, साधारण अर्ध्या तासात, रक्त थांबले नाही, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना भळभळ सुरू झाली, तर थेट रुग्णालय.

दहाव्या दिवशी उजवीकडचा डाग भरला होता. भरला नसता तर सिल्व्हर नायट्रेटने ती जागा डागता आली असती, पण पडद्याच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत डागायच्या नसतात. दोन्हीकडून रक्तपुरवठा तुटला की भोक पडण्याची भीती. आता नवी बाटली, आणि पुन्हा सुरुवात, नव्या पद्धतीने.

बाटली हलवायची. पहिल्यांदा वापरताना बारीक धुके येईपर्यंत हवेत सहा फवारे. आठवडाभर वापरली नसेल तर पुन्हा धुके येईपर्यंत. नाक हलके शिंकरून मोकळे करायचे. मान किंचित पुढे, पायाच्या अंगठ्याकडे पाहिल्यासारखी. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात. टोक नाकपुडीत जेमतेम आत, दिशा त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. दाबताना श्वास साधा, फुलाचा वास घ्यावा इतकाच. हुंगून ओढायचा नाही. औषध घशात उतरले तर मान मागे होती किंवा श्वास जोरात ओढला गेला. टोक कोरड्या कपड्याने पुसून टोपण लावायचे. आठवड्यातून एकदा टोकाचा भाग काढून कोमट पाण्यात धुवायचा, वाळवायचा. टाचणी कधीच नाही. डावा हात पहिले काही दिवस साथ देत नाही, तेव्हा आरशासमोर उभे राहावे.

मात्रा ठरवली प्रत्येक नाकपुडीत एक फवारा, दिवसाला एकदा, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. त्रास आटोक्यात राहिला तर तेवढ्यावरच ठेवायचे. अशा कमी मात्रेवर राहिलेला रुग्ण आम्हाला पूर्ण मात्रेवरच्या रुग्णापेक्षा बरा वाटतो, कारण तो औषध सोडत नाही. झोंबणे किंवा कोरडेपणा टिकलाच असता तर बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक नसलेला स्प्रे शोधला असता. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटला फुलासारखा वास येतो आणि काहींना तो सोसत नाही; त्यांना मोमेटासोन देता येते.

विचारायचे राहून जाते ते

इट्राकोनाझोल. नायट्याची साथ असल्यासारखी परिस्थिती आहे आणि ही गोळी आठवडेच्या आठवडे दिली जाते. यकृतातले जे विकर (एन्झाइम) फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड, मोमेटासोन निकामी करते, तेच विकर ही गोळी रोखून धरते. मग रक्तातले स्टेरॉइड वाढत जाते. एचआयव्हीच्या उपचारातले रिटोनाविर तर याहून धोक्याचे. फ्लुटिकासोनच्या नेहमीच्या मात्रेनेही त्यात चेहरा गोल होणे, अधिवृक्क ग्रंथी मंदावणे असे प्रकार घडलेले आहेत. भारतातल्या पहिल्या टप्प्याच्या डोल्युटेग्राविर असलेल्या गोळीत रिटोनाविर नसते, दुसऱ्या टप्प्यातल्या काही औषधांत असते. हा प्रश्न नातेवाइकांसमोर विचारला तर उत्तर खरे मिळत नाही. दार लावून विचारावा.

मुलाबद्दल त्यांनीच विचारले. लहान मुलांना हे स्प्रे देता येतात, पण स्वतःच्या बाटलीने, कमी मात्रेत आणि उंची मोजत. बेक्लोमेथासोन दिवसातून दोनदा वर्षभर दिलेल्या मुलांची उंची त्या वर्षी सुमारे ०.९ सेंटिमीटरने कमी वाढल्याचे आढळले होते. फ्लुटिकासोन फ्युरोएटच्या बाबतीत फरक पाव सेंटिमीटरच्या आसपास, मोमेटासोनमध्ये दिसला नाही. दर सहा महिन्यांनी भिंतीवर खूण करून उंची वहीत लिहिली तर वाढ मंदावली का ते वेळेत कळते.

पडद्याला भोक पडणे फार क्वचित, पण त्याची चाहूल कान देऊन ऐकता येते: श्वास घेताना नाकातून बारीक शीळ, आणि पुन्हा पुन्हा जमणारी खपली. तसे वाटले तर स्प्रे थांबवून पडदा दाखवायचा.

तीन महिन्यांनंतर

जानेवारीच्या सुरुवातीला प्रेडनिसोलोन बंद झाले, फेब्रुवारीच्या तपासणीत सकाळचे कॉर्टिसॉल वर आले होते. वजन दोन किलो उतरले, उपाशीपोटी साखर ९७. डोळ्यांचा दाब होता तसाच. थेंब सुटायला एकूण सतरा दिवस लागले, त्यातल्या पहिल्या चार रात्री कठीण गेल्या. स्प्रे रोज एक-एक फवारा चालू. मधल्या काळात रुमालावर एकदा पुसट डाग दिसला, त्या दिवशी त्यांनी घाईत पुन्हा उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला होता.

पुढच्या वर्षासाठी दोन गोष्टी चिठ्ठीवर लिहिल्या. मार्चमध्ये मात्रा बंद करून पाहायची. शिंका परतल्या नाहीत तर स्प्रे पावसाळ्यापर्यंत नको. आणि गाजर गवत फुलते, कपाटांना बुरशी धरते त्या दिवसांआधी, सप्टेंबरच्या मध्यावर, शिंका सुरू होण्याची वाट न पाहता स्प्रे सुरू करायचा. ग्रंथालयात जुनी कपाटे साफ करायची असतील तेव्हा ओल्या फडक्याने पुसायचे, झटकायचे नाही, आणि तोंडा-नाकाला एन-९५ मुखपट्टी. पुडीतल्या गोळ्या त्यांनी पुन्हा घेतलेल्या नाहीत. मेडिकलमधून सुटी गोळी मिळाली तर नाव असलेली पूर्ण पट्टी मागून घ्यायची, एवढे त्यांनी घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे.